280 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पंप केवढा? वॉल्ब्रो 255, दीड वर्षाच्या वापरानंतर

कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या माझ्या जुन्या सेडानमध्ये टोयोटाचं 1जेझेड-जीटीई हे अडीच लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवून दीड वर्ष झालं. इंजिन, गिअरबॉक्स, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट यांवर महिनोन् महिने विचार केला होता. फ्यूएल पंप मात्र एका संध्याकाळी निवडला, आणि या स्वॅपमधला, म्हणजे इंजिनाच्या अदलाबदलीतला, सगळ्यात जास्त मनस्ताप त्याच एका वस्तूनं दिला. आज गाडीत वॉल्ब्रो कंपनीचा तासाला 255 लिटरचा जास्त दाबाचा पंप आहे, नमुना जीएसएस342. हा अभिप्राय त्याच्याबद्दल आहे. पण आधी घेतलेल्या पंपाची हकिकत सांगितल्याशिवाय हा का आवडला ते कळणार नाही.

मी पेशानं वायरमन. मोटर कुठलीही असो, तिला किती काम करायचंय ते आधी विचारायचं आणि मग तिचं माप ठरवायचं, हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो. स्वतःच्या गाडीत तेच केलं नाही. भाचा म्हणाला, "मामा, घेतोच आहेस तर मोठाच घे, पुढं टर्बो मोठा केला तर परत टाकी उघडायला नको." मला ते पटलं. तासाला 450 लिटरच्या वर्गातला एक पंप घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पंपात खोट नव्हती. तो माझ्या गाडीसाठी नव्हता, एवढंच.

जुन्या गाडीत इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप होता. कार्ब्युरेटरला साधारण 0.2 ते 0.4 बार दाब पुरतो. इंजेक्शनच्या इंजिनाला रेलमध्ये (पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) 3 बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे जवळपास दहापट. त्यामुळे पंपाबरोबर लाइन, होज, क्लिपा, फिल्टर सगळंच बदलावं लागतं. मी पुढे जाणारी लाइन नवी 8 मिमीची घातली. परत येणारी मात्र जुनीच बारीक लाइन ठेवली, ती चांगल्या स्थितीत होती म्हणून. इथंच घोडं पेंड खात होतं.

आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अडीच लिटरचं इंजिन तासाला दीडएक लिटर पेट्रोल पितं. पंप फेकणार चारशेच्या वर. उरलेलं सगळं रेग्युलेटरमधून, म्हणजे रेलचा दाब सांभाळणाऱ्या झडपेतून, रिटर्न लाइननं टाकीत परत जायला हवं. रेग्युलेटर पूर्ण उघडला तरी पुढची नळी बारीक असेल तर पेट्रोल तिथं तुंबतं आणि दाब रेलमध्येच साठतो. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) व्हॅक्यूमची नळी जोडलेली असताना आयडलला गेजवर 2.4 बारच्या आसपास दिसायला हवं होतं. मला दिसत होतं 3.3. रेग्युलेटरचा स्क्रू शेवटपर्यंत सोडला तरी काटा जागचा हलेना. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) लॅपटॉप जोडून पाहिलं तर तो आयडलवर पेट्रोल 13-14 टक्के कमी करत बसलेला. इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मॅनिफोल्डमधली 0.6 बारची ओढ धरून इंजेक्टरच्या दोन टोकांमधला दाब 3 बारऐवजी 3.9 झाला की पेट्रोल साधारण 14 टक्के जास्त पडतं. आकडा जवळपास जुळला तेव्हा इंजेक्टरवरचा माझा संशय गेला.

उन्हाळ्यात दुसरी गोष्ट समोर आली. दुपारची संथ रहदारी, दीड तास गाडी चालू, टाकीत पाव भाग पेट्रोल. इंजिन खोकायला लागलं, गेजचा काटा थरथरायला लागला, पंपाचा सूर बदलला. गाडी बाजूला घेऊन टाकीच्या तळाला हात लावला, तर हात ठेववेना. पंप जी वीज खातो ती शेवटी बहुतेक उष्णता होऊन पेट्रोलमध्येच जाते. माझा तो पंप 14 अँपिअर घेत होता. 13.5 व्होल्टला म्हणजे जवळपास 190 वॅट, सतत, त्याच त्या दहा-बारा लिटर पेट्रोलमध्ये. शिवाय तेच पेट्रोल गरम इंजिनाच्या रेलमधून तासाला कित्येक वेळा फिरून येत होतं. गरम पेट्रोलची पंपाच्या तोंडाशीच वाफ धरते आणि वाफ पंपाला ढकलता येत नाही. टाकी भरल्यावर गाडी निमूट घरी आली. त्या दिवशी रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे काम पंप विकत घेण्याच्या आधी करायचं होतं.

हिशेब फार अवघड नाही. टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला अंदाजे 270 ग्रॅम पेट्रोल लागतं असं धरतात, बिनटर्बोला 225 ग्रॅम. कारखान्यानं या इंजिनाची ताकद 280 सांगितली आहे. 280 गुणिले 270 म्हणजे साडेपंचाहत्तर किलो. पेट्रोलची घनता लिटरला 0.74 किलो धरली तर तासाला 102 लिटर. त्यावर 25 टक्के राखीव ठेवले की 128 लिटर. बस्स, एवढीच तहान आहे या इंजिनाची. दुसऱ्या बाजूनं ताळा करता येतो. माझे सहाही इंजेक्टर बेंचवर 370 सीसी प्रति मिनिट भरले. सगळे पूर्ण वेळ उघडे राहिले असं धरलं तरी तासाला 133 लिटर. त्यापेक्षा जास्त पेट्रोल त्या भोकांतून जाऊच शकत नाही. चारशे लिटर ढकलणारा माझा पंप तीनशे लिटर नुसतं फिरवून गरम करत होता.

हा आकडा कुठल्या दाबाला हवा, हेही सोबत ठरवावं लागतं. टर्बोच्या इंजिनात रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असते. बूस्ट, म्हणजे टर्बोनं आत कोंबलेल्या हवेचा दाब, जितका चढेल तितकाच रेलचा दाब चढतो, म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक कायम 3 बार राहतो. 0.7 बार बूस्टला रेलमध्ये 3.7 बार. पंपाला सगळ्यात जास्त पेट्रोल नेमकं तेव्हाच द्यायचं असतं, आणि दाब वाढला की कुठल्याही पंपाचा प्रवाह घटतो. म्हणून खोक्यावरचा एकटा आकडा कामाचा नाही. किती दाबाला, किती व्होल्टला एवढे लिटर, हे दाखवणारा आलेख मागायचा. जो विक्रेता तो देऊ शकत नाही त्याच्याकडचा पंप मी घेत नाही.

मग माझ्यासमोर तीन वाटा होत्या. हे इंजिन ज्या गाडीतून निघतं त्या गाडीचाच मूळ पंप, 190 लिटरचा पंप किंवा 255 लिटरचा. खरं सांगायचं तर मूळ पंपानं माझं आजचं काम झालं असतं. इंजिन जसं आहे तसंच ठेवणाऱ्याला मी तोच सुचवीन. मिळाला तर त्याच्या हँगरसकट (पंप टाकीत टांगून धरणारी चौकट) घ्या, मात्र आधी हँगरची उंची आपल्या टाकीच्या खोलीशी जुळते का ते मोजा. माझ्या टाकीशी ती जुळत नव्हती आणि पंपही किती वर्षं चाललेला होता कोण जाणे. पुढे कधीतरी 1 बार बूस्ट आणि 350 हॉर्सपॉवर करायचा विचार होता. त्याला राखीव धरून तासाला 160 लिटर, तेही 4 बारला, लागणार होते. इंजेक्टरही तेव्हा बदलावे लागतील, पण तो पुढचा खर्च. म्हणून 255 घेतला. यातही आजच्या गरजेपेक्षा माप जास्त आहे, हे मान्य. पण हे जास्तीचं माप 8 मिमीची रिटर्न लाइन सहज पचवते. 450 ला ती पुरली असती की नाही ते बघायला मी थांबलो नाही. रिटर्न लाइन मात्र बदललीच.

आता वस्तूबद्दल. पंप 39 मिमी व्यासाचा आहे आणि हे माप फार उपयोगाचं, कारण बाजारातले बहुतेक तयार हँगर याच मापाचा पंप धरतात. सोबत घ्यायचा जाळीचा मोजा, रबराची बाही, होजचा तुकडा आणि कनेक्टर यांचं किट वेगळं येतं. ते आपल्या पंपाच्या तोंडाला बसणारंच हवं, कारण याच क्षमतेचे बरेच नमुने निघतात आणि पेट्रोल आत घेण्याचं तोंड प्रत्येकाचं वेगळ्या जागी असतं. शिवाय साध्या दाबाचा आणि जास्त दाबाचा असे प्रकार आहेत. जास्त दाबाच्या पंपातला, जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. बूस्टवाल्या इंजिनाला तोच घ्यावा. वॉल्ब्रोच्या नावानं नकली पंपही पुष्कळ फिरतात, दिसायला हुबेहूब. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि तरीही बसवण्याआधी मोजून पाहा.

मी मोजला तो असा. गाडी उघड्यावर, अग्निशामक हाताशी, आसपास ठिणगीचं काही नाही. रिटर्नची नळी टाकीऐवजी मापाच्या कॅनमध्ये सोडली आणि रिलेवरून पंप बरोबर 30 सेकंद चालवला. 3 बारला आणि पंपाच्या टोकाशी 13.4 व्होल्ट असताना 1.9 लिटर पडलं, म्हणजे तासाला 228. मग रेग्युलेटरच्या नळीला हातपंपानं 0.7 बार हवा दिली. रेल 3.7 बारवर गेली आणि 1.75 लिटर पडलं, म्हणजे 210. मला हवे होते 128. त्या रात्री निवांत झोप लागली.

हा 13.4 व्होल्टचा आकडा मात्र आपोआप आलेला नाही आणि माझ्या मते अर्धं यश त्यातच आहे. गाडीतल्या जुन्या तारेवर पंप पहिल्यांदा चालवला तेव्हा अल्टरनेटरवर 14 व्होल्ट होते आणि पंपाच्या कनेक्टरवर 11.3. पावणेतीन व्होल्ट वाटेतच गेले. त्या व्होल्टेजवर तोच पंप 30 सेकंदांत 1.45 लिटर देत होता, तासाला 174. म्हणजे साधारण पाव पंप तारेत हरवला होता. पंप कमी पडतोय असं वाटून लोक त्याहून मोठा पंप घालतात. तो जास्त अँपिअर खेचतो, मग त्याच तारेत आणखी व्होल्ट पडतात आणि तार तापते. कनेक्टर वितळलेल्या दोन गाड्या मी पाहिल्या आहेत. पंप चालू असताना, लोडवर, त्याच्या अगदी टोकाशी मीटर लावा. बंद पंपावर घेतलेलं रीडिंग निरर्थक असतं, कारण करंट वाहत नसेल तर ड्रॉप दिसतच नाही.

बॅटरीपासून 4 चौरस मिमीची तांब्याची तार थेट मागे नेली, बॅटरीपाशीच 15 अँपिअरचा फ्यूज दिला आणि पंपाजवळ 30 अँपिअरचा रिले लावला. जुनी तार आता फक्त रिलेची कॉइल ओढते. अर्थची तारही तेवढीच जाड, बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट केलेली. अर्थकडे लोक दुर्लक्ष करतात, पण माझ्याकडे त्या पावणेतीन व्होल्टमधला जवळजवळ एक व्होल्ट एकट्या अर्थवर जात होता. आता पंप सात-आठ अँपिअर घेतो आणि एकूण घट 0.3 व्होल्ट आहे. रिलेची कॉइल ईसीयूच्या ताब्यात आहे. चावी दिली की दोन-तीन सेकंद पंप चालून थांबतो आणि इंजिन फिरायला लागलं की परत सुरू होतो. कॉइलच्याच वाटेत धक्क्यानं तुटणारा इनर्शिया स्विच आहे. अपघातात इंजिन बंद पडलं आणि पंप मात्र फुटलेल्या लाइनमधून पेट्रोल ओतत राहिला, हे होता कामा नये. चावीवरून थेट पंपाला वीज देणाऱ्या स्वॅपमध्ये मी बसणार नाही.

पंप टाकीत ठेवायचा की बाहेर, यावर मी बराच वेळ घालवला. बाहेरचा बसवायला सोपा असतो, टाकी कापावी लागत नाही. पण असे पंप ढकलण्यात वाकबगार आणि ओढण्यात कच्चे. बाहेर लावायचा तर टाकीच्या तळाच्या खाली, पेट्रोल आपोआप त्याच्यापर्यंत वाहत येईल असा लावावा लागतो. नाहीतर आधी एक छोटा पंप आणि सर्ज टँक, म्हणजे छोटी साठवण टाकी, मध्ये घालावी लागते. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहतो, थंड राहतो आणि आवाज पत्र्याआड जातो. माझी जुनी टाकी आतून मोकळी होती, एकही आडभिंत नाही. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंपाचं तोंड उघडं पडणार, आणि बूस्टवर तेवढा एक क्षण इंजिनाला महाग पडतो. म्हणून टाकी उतरवून टाक्यांचंच काम करणाऱ्या कारागिराकडे दिली. त्यानं ती वाफेनं धुऊन, पूर्ण निर्धोक करून वरून तोंड पाडलं आणि आत पंपाभोवती छोटा कप्पा बसवला. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ असते. हे काम घरी कुणी करू नये.

होजबद्दल थोडं, कारण इथं चूक झाली तर ती टाकीच्या आत लपून राहते. इंजेक्शनसाठी म्हणून मिळणारा नेहमीचा होज एसएई 30 आर 9 या मानकाचा असतो. तो आतून पेट्रोल सोसतो. बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडवला तर बाहेरचा थर मऊ पडून फुगतो. टाकीच्या आत 30 आर 10 असं छापलेलाच होज लागतो. माझा आधीचा मेकॅनिक, ज्याला सगळे दादा म्हणतात, स्क्रूड्रायव्हरचा मागचा भाग कानाला लावून पंपाची तब्येत सांगतो. त्यानं एका गाडीचा 'मेलेला' पंप बाहेर काढला तेव्हा पंप ठणठणीत होता आणि पंपाच्या डोक्यावरचा होज उभा चिरलेला होता. दाब टाकीतच सांडत होता. क्लिपाही पट्टीत खाचा असलेल्या नकोत, त्या होज कापतात. सरळ कडेच्या इंजेक्शनच्या क्लिपा घ्या. पंपाआधी जाडी जाळी, पंपानंतर 10 मायक्रॉनचा फिल्टर. बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावला तर ओढताना पंप तडफडतो.

आवाज येतो का? येतो. हा जिरोटर (एकात एक फिरणारी दातेरी चक्रं) रचनेचा पंप आहे, आणि ही रचना टर्बाइनच्या पंपापेक्षा जास्त ऐकू येणारीच असते. चावी दिल्यावर मागून स्पष्ट सूर येतो, इंजिन सुरू झाल्यावर मला तो जाणवत नाही. जिला शांत गाडी हवी आहे तिनं टर्बाइनचा पंप बघावा. बायकोला पहिले दोन दिवस तो आवाज खटकला, मग सवय झाली. कारखान्याच्या काही गाड्यांत आयडलला पंपाला कमी व्होल्टेज देऊन आवाज आणि उष्णता दोन्ही कमी करतात. मला ती व्यवस्था पुढे करायची आहे.

हा पंप प्रत्येकासाठी नाही. ई85 वर, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावर, गाडी चालवायची असेल तर आकारमानानं सुमारे तीस टक्के जास्त इंधन लागतं आणि पंपाच्या आतला मालही त्या इंधनाला टिकणारा लागतो. त्यासाठी याच कंपनीचा वेगळा, मोठा नमुना आहे, तो घ्यावा. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनाला टाकीतला पंप फक्त पहिली पायरी असतो. पुढे कॅमवर चालणारा पंप दाब शंभर-दोनशे बारवर नेतो, आणि तिथं मूळ गाडीची पंप व कंट्रोलरची जोडी तोडू नये. दोनएक लिटरच्या, 150 हॉर्सपॉवरच्या बिनटर्बो इंजिनाला तर हिशेबानं राखीवसकट तासाला 60 लिटरही पुरतात. तिथं 255 घालणाऱ्याला मी हात जोडून नको म्हणेन.

दीड वर्षात आयडलला दाब 2.4 वर स्थिर, बूस्टवर 3.7, ईसीयूची दुरुस्ती दोन-तीन टक्क्यांच्या आत. गाडी बंद केल्यावर वीस मिनिटांनी रेलमध्ये 2 बारच्या वर दाब शिल्लक असतो, त्यामुळे गरम इंजिन एका फिरक्यात सुरू होतं. त्याच रहदारीत, त्याच उन्हात, पाव टाकीवर गाडी परत नेऊन पाहिली. टाकीचा तळ कोमट होता, हात ठेवता येत होता. गेल्या महिन्यात फिल्टर बदलला तेव्हा पुन्हा कॅन लावून 30 सेकंद मोजले. 3 बारला 1.88 लिटर पडलं. तो आकडा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पहिल्या आकड्याखाली, तारखेसकट लिहून ठेवला आहे.